आणखी एक दोर

ग्रीसमधल्या आमोर्गोस बेटावरून निघताना समुद्र शांत होता. दुपारी नाक्सोस बेटाच्या अलीकडे उत्तरेचा वारा अंगावर आला. पांतेलिसनं शीड उतरवलं आणि बापानं बांधलेली लाकडी होडी प्रत्येक लाटेवर अलगद चढवली. मासेमारीचा परवाना सरकारला परत केला, की नियमानं होडीही मोडीत द्यावी लागते. त्यासाठीच तो नाक्सोसला निघाला होता. बादलीनं पाणी उपसणारी बायको, एव्दोकिया, करवादली, "उद्या बुलडोझर हिचा चुरा करणार, म्हाताऱ्या, आणि आज हिला जपतोयस. मला कधी एवढं जपलंस?" "उद्याचं उद्या. तू पाणी काढ." संध्याकाळी वारा पडला. धक्क्यावर बुलडोझर उभाच होता. होडी बांधून पांतेलिस चार पावलं चालला, आभाळ बघून मागे फिरला. "आता काय राहिलं?" "रात्री वारा फिरेल. आणखी एक दोर लावतो." पिशवी खाली ठेवून एव्दोकियानं दोराचं दुसरं टोक धरलं.