हैबतीचा वाटा

हैबती गेल्यानं महिपतला मिळणार होती ती अर्धी गाडी. उरलेली अर्धी त्याची होतीच. लष्कराच्या लिलावातली ती जुनी पिकअप दोघा चुलतभावांनी भागीत घेतली, तेव्हा हैबतीच्या वाट्यापायी त्याच्या बायकोची, राहीबाईची, पुतळ्यांची माळ मोडली होती. कागदावर नाव मात्र एकट्या महिपतचं. बाकी सगळा व्यवहार तोंडी, आणि ज्याचं तोंड तो तापानं जाऊन सावित्री नदीच्या काठी जळला होता. विधवेला विचारतो कोण? सगळं कसं बेताबेतानं जमून आलं होतं. फक्त गाडी वाजत होती.

खट्.

एकच ठोका. पाठीमागून, महिपतच्या मानेच्या उंचीला. गाडी थांबली की बंद. हलली की जरा वेळानं पुन्हा. महिपतला हा ठोका चांगला ओळखीचा होता. हैबती मागं हौद्यात उभा राहून माणसं आणि पोती सांभाळायचा आणि केबिनच्या पत्र्यावर हात मारायचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. आता हौद्यात चिटपाखरू नसताना एकेक ठोका पडत होता.

माणसं बसेनाशी झाली. उमरठच्या रावजीनं तर चढलेलं बोचकं खाली घेतलं. "मागचा थांब म्हंतोय, पुढचा ऐकत नाय. तुमच्या भांडणात आमी कशाला रे? आमी आपले पायी बरे."

दहाव्याच्या आदल्या दिवशी महिपत गाडी घेऊन महाडला भिकू मिस्त्रीकडे गेला. हैबतीला मूलबाळ नव्हतं, अग्नी महिपतनंच दिला होता. कर्त्यानं सुतकात असं हिंडायचं नसतं. पण लग्नसराई काय सुतक बघून थांबते?

भिकूनं गाडीखाली शिरून पाटे ठोकले, बोल्ट आवळले, हत्यारांची पेटी रिकामी केली. आवाज सापडेना.

"शेट, एक ठोका म्हंजे थांब ना?" पान्यानं कान खाजवत तो म्हणाला. "मग थांबवून बघा की गाडी जरा."

"तू आवाज शोध. अक्कल मला हाय."

शेवटी केबिनमागची, हैबतीच्या उभं राहण्याच्या जागची फळी उचकटली. खाली जुन्या लुगड्याच्या फडक्याचं गाठोडं होतं. महिपतनं ते सोडलं. आत काळा गुळगुळीत दगड. त्यानं तो लगेच ओळखला. चितेभोवती फिरताना मडक्याला भोक पाडायला त्यानंच तो नदीतून उचलला होता. जीवखडा. गेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत त्यात राहतो म्हणतात, म्हणून तो घराबाहेर ठेवून कर्त्यानं रोज त्यावर पाणी घालायचं असतं. महिपतनं तो अंगणातल्या फणसाला टांगला होता आणि विसरला होता.

"वहिनीचा डाव रे!" महिपत मोठ्यांदा हसला. भिकूही हसला, पण जरा लांब सरकून.

खडा शर्टाच्या खिशात टाकून महिपत पोलादपूरच्या वाटेला लागला. ऊन लख्ख होतं. मन हलकं होतं. महाड मागं पडलं आणि त्यानं शीळ घातली.

खट्.

त्यानं खिसा चाचपला. खडा तिथंच होता. उरलेली वाट त्यानं मान खांद्यात घालून काढली.

राहीबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. महिपतनं खडा तिच्यापुढं धरला. "वहिनी, ह्यो तुमीच ठेवलात ना गाडीत?"

"मीच. कर्ता गाडीत फिरतोय, मंग जीव झाडाला टांगून काय करू? म्हटलं, असू दे तुमच्यासंगती."

"माणसं भ्याली. धंदा बसला माझा."

"खड्यापायी?" तिनं मान वर केली. "भावजी, लुगड्याचं फडकं तीनपदरी गुंडाळून ठेवलावता तो. वाजंल कसा?"

गाठ महिपतनंच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी नदीवर सगळी भावकी जमली. पिंड मांडले. लोक अजून कावळा शोधत होते, तोवर महिपतनं ओंजळीत पाणी घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "दादा, अर्धी गाडी वहिनीची. ह्या सावित्रीची आण." भावकी एकमेकांकडं बघत राहिली. बांधावरची काडी न सोडणारा माणूस! मग त्यानं खडा डोहात सोडला.

वर रस्त्यावर येऊन त्यानं गाडी सुरू केली, थोडी हलवली आणि कान देऊन बसला. आवाज नाही. त्यानं सुस्कारा सोडला. अर्धी गाडी जाऊन शांतता मिळाली, त्याच्या हिशेबानं सौदा अगदीच वाईट नव्हता.

बाकीच्या बायका गाडीपासून लांबच उभ्या होत्या. राहीबाई एकटी पुढं झाली, चाकावर पाय देऊन रिकाम्या हौद्यात चढली, डोईवरचा पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "अवो, सरका जरा."

खट् खट्.

गाडी पुढं बरीच वर्षं महाड-पोलादपूर धावली. केबिनला लागून एका माणसाची जागा गच्च गर्दीतही मोकळी असे. त्या जागेचं भाडं महिपत स्वतःच्या वाट्यातून काढून राहीबाईच्या हातावर ठेवी. तिनं ते कधी मागितलं नाही. द्यायला उशीर झालाच, तर पत्र्यावर एक ठोका पडे.