टेप अटकायची ती जागा

“मधेच थांबलीस ते काय होतं?” अकोल्याच्या त्या भरलेल्या सभागृहात सागर सरांनी माइक हातात घेऊन विचारलं.

दीपमाला मंचावर धापा टाकत उभी होती. सकाळच्या एसटीने परतवाड्याहून आलेली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. पुण्याचे परीक्षक सागर सर आज वीस जणांतून एकच निवडणार होते. निवडलेल्याला त्यांच्या संस्थेत वर्षभर लॉकिंग हा अमेरिकी नाच शिकायला मिळणार होतं, राहण्याजेवणासकट. दीपमाला या एका दिवसासाठी चार वर्षं घाम गाळत होती.

“चुकलं सर,” ती म्हणाली. “विसरली मी.”

“तो तुकडा दोनदा आला. दोन्ही वेळा तू त्याच जागी थांबलीस. विसरणारा माणूस इतका शिस्तीत विसरत नाही.”

पहिल्या रांगेतून नियाजचाचा उठले. परतवाड्याला लागूनच असलेल्या अचलपुरात त्यांचं शिवणकामाचं दुकान, आणि दुकानाच्या माडीवर तीस वर्षांपासून नाचाचा वर्ग. दीपमाला तिथेच शिकली होती.

“पोरीची काही गलती नाही साहेब. मीच शिकवलं तसं.”

“तुम्ही कुठे पाहिलंत हे?”

“व्हिडिओ कॅसेटवर. एकच होती माह्याजवळ. त्या जागी आली का टेप अटके.”

सभागृहात हशा पिकला. मागच्या पोरांनी शिट्ट्याही मारल्या. दीपमालाचे कान तापले. तिला हे सहा महिन्यांपासून माहीत होतं. तिने मोबाइलवर मूळ नाच पाहिला होता. त्यात तो नाचणारा त्या जागी थांबतच नव्हता. पण चाचांना हे कोणत्या तोंडाने सांगणार? गप्प बसली आणि थांबत राहिली.

“मले बी मालूम आहे,” चाचा म्हणाले. “मोबाइल आला तवाच समजलं.”

दीपमालाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

“मग बदललं का नाही?” सागर सरांनी विचारलं.

“कॅसेटमधला तो नाचणारा तिथी थांबे म्हणून तर मी त्याले गाठलं साहेब. थांबला नसता तर माह्या हाती काय लागत होतं?”

पुन्हा हसू पसरलं. सागर सर मात्र हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, फक्त फार काटेकोर होता.

“सर,” दीपमाला न राहवून बोलली, “हा नाच अटकण्यातूनच जन्मला ना? चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिकडे अमेरिकेत सोल गाण्यांवर नाचता नाचता एका पोराले पुढची स्टेप जमली नाही. हात मधेच अटकला. लोक हसले. तर त्यानं हसणाऱ्यांवरच बोट रोखलं, अन् तेही नाचात आलं.”

“बरोबर आहे. पण तिथे माणूस अडकला होता. तुमच्याकडे टेप अडकली. या दोन गोष्टी एक नाहीत.”

दीपमालाने कपाळावरचा घाम बाहीला पुसला.

“पुन्हा कर,” सागर सर म्हणाले. “न थांबता केलंस तर पुण्याला ये. थांबलीस तर मी पुढचं नाव घेईन.”

“थांबू नको बेटा,” चाचा खालून म्हणाले. “आन हाय तुले माही.” आणि खुर्चीत बसून त्यांनी सवयीने मांडीवर ताल धरला.

गाणं सुरू झालं. मनगट फिरलं, कोपर झुकलं, गुडघे लवले. तो तुकडा जवळ येऊ लागला. पाच, सहा, सात. पाय पुढे पडला. थांबायची जागा मागे गेली. इतकं सोपं होतं हे! तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिथल्या तिथे लाजही वाटली.

तिचं लक्ष खाली गेलं. ताल धरताना वर गेलेला चाचांचा हात नेमका त्या जागी थांबला होता. तीस वर्षांची सवय ती. गाणं पुढे गेलं, ती पुढे गेली, आणि म्हाताऱ्याचा हात एकटाच हवेत राहिला.

त्यांच्या मागच्या रांगेत एक पोरगा खिदळला. चाचांनी ओशाळून हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला.

दीपमालाने बोट रोखलं. सरळ त्या पोरावर. आणि थांबली.

एक तुकडा गेला, दुसरा गेला. ती हलली नाही. पोरगा आधी शेजाऱ्याकडे बघून हसला, मग खाली बघू लागला. गाणं रिकाम्या मंचावर वाजावं तसं वाजत राहिलं.

सागर सरांनी पुढचं नाव घ्यायला माइक उचलला, आणि तो तोंडापाशी तसाच धरून राहिले.