समाजसेवेचे मार्क

"देश स्वच्छ व्हायचा तर सुरुवात आपल्यापासूनच व्हायला हवी!" नवाकोरा झाडू उंचावून भुवन गरजला. झाडूचं प्लॅस्टिक अजून निघायचं होतं.

कॉलेजचं पहिलंच वर्ष. सहा विषय, दोन लॅब आणि वर हे सक्तीचे समाजसेवेचे मार्क. झाडतानाचा फोटो आजच पाठवायचा होता, पण अग्रहार वस्तीतली त्यांना नेमून दिलेली गल्ली सकाळीच कुणीतरी लख्ख झाडून गेलेलं. मग भुवननं कोपऱ्यावरचा कचऱ्याचा डबाच रस्त्यावर उपडा केला.

"शी! लाज कशी वाटत नाही रे तुला?" सोबत आलेली वर्गातली सहाना किंचाळली. ओकारी दाबत तिनं एकटीनं तो बरबटलेला कचरा झाडून परत डब्यात भरला.

"माझा फोटो काढलास ना?" तिनं झाडू टेकवत विचारलं.

"अय्यो, तू एवढी चिडलेलीस, कसा काढणार?"

सहानानं ओढणी नाकाला घट्ट बांधली.



"भुवन, डबा जरा परत उपडा कर ना."