काखोटीची काठी

"आई, थांब! आभाळ कसं झालंय बघ जरा!"

आई थांबली नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ऐन कडाक्याच्या थंडीत, कानाला मफलर गुंडाळून ती समुद्राकडे निघाली होती. मागून मुलगी काठी घेऊन जिना उतरत होती. ती खाली पोचेपर्यंत आईनं गल्ली पार केलीसुद्धा.

काल डॉक्टरांनी हात टेकले होते. यापुढे फारशी सुधारणा होणार नाही, घरातल्या घरात जपून वावरायचं, असं त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं. त्यावर दादानं फोनवरच ठरवून टाकलं. रविवारी हे दोन जिन्यांचं घर सोडायचं आणि त्याच्या लिफ्टवाल्या इमारतीत यायचं. तिथली खोलीही रंगवून झाली होती.

सकाळी आईनं चहाचा कप आपटला. "आज दीपगृहापर्यंत चालत जायचं. जमलं, तर कुणी कुठं जाणार नाही. नाही जमलं, तर रविवारी मुकाट्यानं गाडीत बसायचं."

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"त्यांनी टेकले असतील हात. आपण नाही टेकायचे. तू येत नसशील तर मी एकटी जाते."

आणि गेलीच.

वाळू सुरू होते तिथं मुलीनं तिला गाठलं. तिला धाप लागली होती. समुद्र राखाडी झाला होता, वारा तोंडावर वाळू मारत होता. किनाऱ्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"पडलीस म्हणजे? ही घे काठी."

"तुझी काठी तुला लखलाभ. मला नको."

"हट्टीपणाची हद्द झाली!"

"आणि तुझ्या भित्रेपणाची? वारा सुटला की हिचे पाय लटपटले. जा, घरात बस आणि स्वतःचं लोणचं घाल."

मुलीनं रागानं काठी काखोटीला मारली आणि तरातरा आईच्या मागे निघाली. आईनं तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली होती, जीभ अजून मैदानातच होती. अर्धा तास दोघी कडाकडा भांडल्या. दादाच्या लग्नातल्या मानापमानापर्यंत सगळं उकरून झालं. भुरभुर पाऊस लागला, तरी एकही माघार घेईना.

शेवाळलेल्या दगडापाशी आई मटकन खाली बसली. मुलगी धावत आली.

"लागलं का? बास झालं, परत फिरू."

"तू फिर. मी रांगत जाईन, पण जाईन."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आईला दंडाला धरून उभं केलं. "मग चल! आता मीच बघते कोण अडवतं ते!"

दीपगृहाच्या पायरीवर आई टेकली. कपाळावरचं पाणी पुसून मुलगी म्हणाली, "झालं समाधान? पोचलीस एकदाची!"

"माझं काय गं? मी तर रोजच येते, तू उठायच्या आत. मागं बघ."

मुलीनं वळून पाहिलं. ओल्या वाळूत दोघींच्या पावलांचे ठसे लांबवर गेले होते. काठीचा एकही ठसा नव्हता. तिच्या स्वतःच्या अपघाताला वर्ष झालं होतं, आणि एवढ्या दिवसांत ती काठी टेकल्याशिवाय न्हाणीघरापर्यंतही गेली नव्हती.