लागलेलं दार

"पट्टा उलटा घातलाय," मारीव्हॉन म्हणाली. "निळा रंग गळ्याकडे हवा. इतकी वर्षं मेयर आहात, आणि आजच विसरलात?"

गुलवेनने मेयरपदाचा तिरंगी पट्टा काढून सुलटा घातला. दोनदा तो हातातून निसटला. मारीव्हॉन कचेरीतली कारकून. ती पुन्हा कागद जुळवत बसली.

कचेरीचं दार सताड उघडं होतं. लग्न लागताना ते उघडंच ठेवावं लागतं, कायदाच तसा आहे. बाहेर चौक, चौकापलीकडे चर्च, चर्चला लागून दफनभूमी. मेयरच्या खुर्चीत बसलं की तिथली तिसरी रांग नीट दिसते. तिसऱ्या रांगेत सोआझिग होती, गुलवेनची बायको. तिच्या दगडावर त्याचंही नाव कोरून ठेवलेलं, जन्माचं साल, आणि पुढची जागा मोकळी.

दगडाखाली जागा मिळणारच होती. भीती वरची होती, स्वर्गातली. जाताना सोआझिग म्हणाली होती, "मी पुढे होते. तू ये." तिला खात्री होती. त्यालाही होती, आज सकाळपर्यंत. सकाळच्या प्रार्थनेनंतर पाद्रीबाबा त्याचा हात धरून हळूच म्हणाले, "गुलवेन, कायदा सरकारचा. सही मात्र तुझी."

आज दोन बायकांच्या लग्नावर सही केली, तर वर त्याला आत घेतील? की सोआझिग दारात वाट बघत राहील?

त्याच्या जागी लग्न लावू शकणारे दोघे उपमेयर नेमके आजच आजारी पडले होते.

"काका, घाबरायचं आम्ही की तुम्ही?" एनोरा हसून म्हणाली. ती गावात टपाल वाटायची. लहानपणी चर्चमध्ये धर्माचे धडे तिला गुलवेननेच दिले होते. शेजारी दुसरी नवरी, क्लोदी, बसली होती, एनोराचा हात घट्ट धरून. दोघींनी सारखेच निळे झगे घातले होते.

मागे मोजकी माणसं होती. एनोराचा भाऊ त्यांत नव्हता. त्याने वकील गाठला होता. लग्नात एवढीशी खोट सापडली तरी कोर्टात मोडून दाखवतो, असं तो गावभर सांगत फिरत होता.

गुलवेन अडखळत कायद्याची कलमं वाचू लागला. जोडीदारांनी एकमेकांचा आदर राखावा, निष्ठा राखावी...

समुद्रावरून वारा आला. जड दार हळूहळू सरकलं आणि लागलं. आवाजही झाला नाही. सगळ्यांची पाठ दाराकडे होती. मारीव्हॉनची मान कागदात. पाहिलं ते एकट्या गुलवेनने.

चौक दिसेनासा झाला. चर्च गेलं. तिसरी रांग गेली.

तो वाचत राहिला. आवाज सुधारला. अडखळणंही थांबलं. दार बंद होतं, म्हणजे हे लग्न नव्हतंच. सही केली तरी ती कशावरच नसणार. वर कुणी विचारलं, तर तसं सांगता येईल. एनोराला कळणारही नाही. भावाला कळेपर्यंत.

एनोरा त्याच्याकडे बघत होती. लहानपणी धडा म्हणून दाखवताना बघायची तशी. चुकलं तर काका सांगतील.

"एनोरा, तुला..." त्याने बंद दाराकडे पाहिलं. "थांबा."

पुस्तक मिटून तो उठला आणि दाराच्या दिशेने निघाला. एनोराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"चालला," क्लोदी पुटपुटली. "सांगितलं होतं तुला, म्हातारा ऐन वेळी पळेल."

"काका, आता नको ना," एनोरा उभी राहिली. "काका!"

त्याने दार उघडलं. वाऱ्याने ते परत ढकललं. मग तो मागे आला, आपली जड खुर्ची ओढत नेली आणि उघड्या दाराला टेकवली.

"पुन्हा पहिल्यापासून वाचतो," तो म्हणाला.

"आत्ताच वाचलंत की," मारीव्हॉन म्हणाली.

"दार लागलं होतं."

एनोरा खाली बसली. क्लोदीने मान खाली घातली.

बसायला खुर्ची नव्हती, म्हणून तो उभा राहिला. पहिल्याच शब्दाला तो अडखळला, मघापेक्षा जास्त. आदर, निष्ठा, मदत, आधार. तो मोठ्याने वाचू लागला.

"काका, हळू," एनोरा डोळे पुसत म्हणाली. "आम्ही इथे समोरच आहोत."

गुलवेनने मान हलवली आणि आवाज आणखी चढवला. सोआझिगची तिसरी रांग बरीच लांब होती.