संकष्टीचे निळे दात

शाळेतून आलेली चार्वी हसली आणि दूर्वा निवडणारा मालिनीचा हात थांबला. लेकीचे नवे, पक्के दात पुन्हा निळेशार झाले होते.

आताच्या सगळ्याच मुलांच्या तोंडात तान्हेपणी प्रयोगशाळेत घडवलेले शहाणे जंतू सोडलेले असत. दातांवर आम्लाचा मारा झाला, की ते दात निळे करत आणि आईबापांना लगेच कळे. पण चार्वीचे दात नेमके संकष्टीलाच निळे का व्हावेत, हे कोडं मालिनीला काही महिने सुटत नव्हतं. त्या दिवशी तर घरात मोदकसुद्धा चंद्र उगवल्यावरच व्हायचे.

"काय गं खाल्लंस?"

"काही नाही! माझापण उपास आहे," चार्वी फणकारली. "कोल्ड्रिंक तेवढं प्याले, दिवसभर थोडं थोडं. उपासाला चालतं ते. तूच आत्याला सांगत होतीस."

सांगितलं होतं खरं. त्यात धान्य नसतं, एवढाच विचार मालिनीने केला होता.

"अगं, अशाने दात झिजून जातील. हे गेले की पुन्हा येत नाहीत, बाळा. तू आपली जेव."

"तू जेवलीस तर!"

मालिनीने देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिचं हे व्रत लग्नाआधीपासूनचं होतं. हात जोडून ती उठली, कुकर लावला आणि वरणभाताची दोन ताटं वाढली.

"आई, बाप्पा रागावेल?" चार्वीने दबकत विचारलं.

"मलाही बघायचंय," मालिनी हळूच म्हणाली आणि पहिला घास तिने स्वतःच घेतला.