दहा दाणे

घेवड्याचा दहावा दाणा उरला तेव्हा धाकटीने ब्लेड खाली ठेवलं आणि डोळे चोळले. सकाळपासून तिने गव्हाचे चारशे दाणे कापले होते. बियाणं जिवंत आहे की मेलेलं, हे ठरवणं तिचं काम. बावीस वर्षं ते करून तिला आता बियाण्यांचाच काय, माणसांचाही कंटाळा आला होता.

समोर स्टुलावर ताई बसली होती. घेवड्याचे हे दहा दाणे तिचे होते. खरं तर आईचे. आई दरवर्षी वेल लावायची, दरवर्षी बी धरायची. सहा वर्षांपूर्वी ती गेल्यावर धाकटीने बियांची बरणी मागितली होती, प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत ठेवते म्हणून. "आईची वस्तू मी बर्फात ठेवू देणार नाही," असं म्हणून ताईने ती उराशी धरून नेली होती. गेली दोन वर्षं मूठमूठ बी लावूनही एक कोंब दिसेना, तेव्हा तळाशी उरलेले दाणे घेऊन ती काल आली. रात्रभर ते पाण्यात भिजले होते.

"हा एक ठेवू का?" धाकटीने विचारलं. "ओल्या कागदावर. आठ दिवसांत कोंब आला तर आला."

"आणि आठ दिवस मी काय करू? देव पाण्यात घालून बसू? काय तो सोक्षमोक्ष आजच लाव."

आठ दिवस म्हणजे ताईचे सोळा फोन. ते झेलायचं धाकटीत त्राण नव्हतं. शिवाय निकाल तिला ठाऊकच होता. बरणी उघडल्याबरोबर आलेला खवट वास, काळपट पडलेली सालं. सगळे मेलेले. तिने दहावाही उभा चिरला. एक अर्धुक आधीच्या नवांबरोबर बशीतल्या बिनरंगी पाण्यात टाकलं, दुसरं केराच्या टोपलीत गेलं. बशी तिने उबेच्या पेटीत सरकवली.

"यानं काय कळतं?" ताई म्हणाली.

"त्या पाण्यात औषध आहे. दाण्यातल्या पेशी श्वास घेत असतील तर तो लाल होतो. नसतील तर पांढराच राहतो."

"बी कुठं श्वास घेतं?"

"घेतं गं. नुसतं पडून असलं तरी घेतं. आतली शिदोरी थोडी थोडी जाळायची आणि जगण्यापुरती शक्ती काढायची. बरणी कुठं ठेवली होतीस?"

"शेगडीच्या वरच्या फळीवर. सहा वर्षं. एकदाही गारठू दिली नाही."

कपाळावर हात मारण्याइतकीही ताकद धाकटीत नव्हती. "उबेत ते भराभर श्वास घेतात, ताई. भराभर जाळतात. मग शिदोरी संपते."

"म्हणजे मीच मारले."

"तसं नाही म्हटलं मी."

"मग दुसरं काय म्हटलंस?"

धाकटीने ब्लेड पुसलं. तिने तेच म्हटलं होतं, आणि ते म्हणायला मिळावं म्हणून सहा वर्षं वाट पाहिली होती. आता म्हणून झालं, तर काडीचंही बरं वाटलं नाही. ताईचे डोळे खोल गेलेले तिला आत्ता दिसले.

दोघींनी डबा उघडून चार घास कसेबसे ढकलले. नंतर ताई भिंतीला टेकून पेंगली. धाकटीने गव्हाच्या उरलेल्या बशा तपासल्या, पण आकडे दोनदा चुकले.

तीन वाजता तिने बशी बाहेर काढली. नऊ दाणे पांढरेफटक. एक लाल, आतल्या इवल्या कोंबाच्या टोकापासून कडेपर्यंत लालभडक. कितवा होता तो, कोण जाणे. तिला वाटलं, बशी उलटी करावी, सगळे गेले म्हणून सांगावं. ताईने निमूट विश्वास ठेवला असता. पण ताई उठून पाठीशी येऊन उभी राहिली होती.

"अगं, हा लाल आहे! छोटे, हा जिवंत आहे! थांब, मी कुंडी घेऊन येते, कोपऱ्यावर दुकान आहे ना..."

"ताई, तो कापलाय."

ताईचा हात हवेतच राहिला.

"एक तरी ठेवायला हवा होता मी," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, सगळे गेलेत. मला ते नुसतं उरकायचं होतं. दमले होते गं मी." बावीस वर्षांत एका दाण्यासाठी ती पहिल्यांदाच रडत होती.

ताई बशीवर वाकली. त्या लाल दाण्याकडे ती बघत राहिली.

"अजून घेतोय श्वास?"

"हो."

"किती वेळ घेईल?"

"ओला राहिला तर संध्याकाळपर्यंत."

ताईने आपलं स्टूल बशीजवळ ओढलं. मग दुसरं ओढून त्याच्या शेजारी ठेवलं.

"ये, बस," ती म्हणाली. "तोवर सोबत करू."